गुळावरचे दात

१

बारा गावांतल्या लोकांची तोंडं मला त्यांच्या नावाआधी ठाऊक होती. ही बढाई नाही. मी शिवशरण, दंदानसाज. निजामाच्या राज्यात दात काढणाऱ्या-बसवणाऱ्याला दंदानसाज म्हणायचे. हैदराबादला उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं मेण वितळवलं, प्लास्टर कालवलं, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं ही विद्या हाताला लागली. आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूरच्या सडकेला लागून. सडकेनं दोन-अडीच तास गेलं की इंग्रजांचा मुलूख सुरू व्हायचा.

तर त्या दिवशी तिकडं इंग्रजांचा मुलूख इंग्रजांचा राहिला नव्हता. सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट, पंधरा तारीख, शुक्रवार. सोलापुरात रात्रीपासून बँड वाजत होते म्हणे. आमच्याकडं मात्र हुकूम होता की तिरंगा दिसला तर हात तोडू.

सकाळी सात वाजता ठाण्याचा शिपाई हरिबा सरकारी निशाण चढवायला आवारात आला, आणि बघतो तर खांबावर आधीच निशाण फडकतंय. तिरंगी!

आठ वाजता मला बोलावणं आलं. अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे फौजदार, आवारातल्या पिंपळाच्या पारावर बसले होते. चेहरा तव्यासारखा तापलेला. त्यांच्यापुढं पिंपळाच्या पानावर गुळाचा खडा होता. दोन बोटं जाड, चपटा, पावसाळी हवेनं मऊ पडलेला. त्याचा एक कोपरा कुणीतरी दातांनी तोडला होता.

"खांबाखालीच सापडला," अमीन म्हणाले. "बदमाशानं निशाण लावलं आणि वर तोंड गोड केलं! शिवशरण, हे दात कोणाचे?"

मी खडा उचलला आणि वर-खाली फिरवून पाहिला. बहुतेक माणसांचे वरचे दात खालच्यांच्या पुढं येतात, डब्याचं झाकण डब्यावर येतं तसे. म्हणजे गुळात वरच्या दातांची खूण जास्त आत जायला पाहिजे. इथं उलटं होतं. खालच्या दातांची खूण पुढं गेली होती.

मी तोंड उघडायच्या आत अमीनच हसले. "मलाही डोळे आहेत. खालचे दात पुढं असलेला या गावात एकच माणूस आहे."

आणि तासाभरात त्यांनी शाळेच्या उत्तरेश्वर मास्तरला दोरी लावून ठाण्यात आणलं.

२

उत्तरेश्वर मास्तरची हनुवटी म्हणजे गावाची खूण होती. बापाची तशीच, आजीची तशीच. पोरं त्याला मागून 'मुसळ्या' म्हणायची आणि त्यालाही ते ठाऊक होतं. मास्तर वर्गात टिळक-बिळक काही बोलायचा नाही, पण प्रार्थनेच्या वेळी निजामाचं गाणं म्हणताना नुसते ओठ हलवायचा. तेवढं अमीनला पुरं होतं.

"सोमवारी मोहतमीमसाहेब दौऱ्यावर येतायत," अमीन मला म्हणाले. मोहतमीम म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांचा वरिष्ठ. "त्यांच्यापुढं तू जबानी द्यायची, की हे दात मास्तरचे. सही करायची. मग मास्तर जाईल जिल्ह्याच्या तुरुंगात. आणि सही केली नाहीस तर तुझ्या दुकानाला सील. समजलं?"

"आधी ठसा काढतो," मी म्हणालो. "गूळ पाघळला तर तुमचा पुरावा मुंग्या खातील."

खडा घरी आणून मी त्यात प्लास्टर ओतलं. पांढरे दात वर आले, अगदी जिवंत. तेवढ्यात दारात कस्तुराबाई, मास्तरची आई, येऊन बसली. एकुलतं एक लेकरू. रडली नाही म्हातारी.

"शिवशरणअप्पा, माझ्या दाताची कवळी तुमीच बशिवली," ती म्हणाली. "त्या कवळीनं तुमाला दुवा दिला. आता माझं लेकरू खोट्यानं आत गेलं तर त्याच कवळीनं शाप दीन. माझं पोरगं पहाटं माझ्याजवळ हुतं. माझ्या पायाला तेल चोळत हुतं."

"आईची साक्ष कोण धरतो, मावशी?"

"मग तुमी धरा की! तुमाला दात बोलत्यात म्हनत्यात."

ती गेली. माझी बायको सिद्धम्मा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मूळची सोलापूरची, बारा वर्षांची असताना लग्न होऊन इकडं आलेली. चौदा वर्षं झाली होती त्याला. तिनं उजव्या कानावर हात दाबून धरला होता. गेली दोन वर्षं तिचा तो कान सकाळी उठली की ठणकायचा आणि मी दर वेळी लवंगेचं तेल सोडायला सांगायचो.

"तुमी खोटी सही करनार का?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"सांगा की. करनार का न्हाय?"

"ठसा मास्तरचा असंल तर करीन. नसंल तर अमीनच्या बापाची भीती न्हाय मला."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढं ताट ठेवून आत गेली. आमच्याकडं बाईमाणूस पुरुषाच्या पुढ्यात जेवत नाही. मी जेवून उठलो की ती आत एकटी जेवायची. तशी पद्धतच होती आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

हात धुताना आतून आवाज आला, कट्. दाराची कडी हलली असेल म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

३

शनिवारी सकाळी मी हरिबाला गाठला. तंबाखू दिली की हरिबा बोलतो.

"फाटकावर मीच हुतो," तो म्हणाला. "पाच वाजल्यापास्नं. एक बाप्या आत गेला न्हाय. शपथ घेऊन सांगतो, अप्पा."

"मग झेंडा काय उडत आला?"

"आता धोंड्याचा म्हयना. पाच-सहा बाया पिंपळाला पानी घालाया आल्या, घागरी घेऊन. त्या सोडून चिटपाखरू न्हाय. नंतर म्या आतून एक चक्कर मारली, तवा खांबाकडं बघितलंच न्हाय. मान खाली घालून गेलो. बाया असताना इकडंतिकडं बघावं का मानसानं?"

"बघू नये. दोरी कशी बांधली होती?"

"लई पक्की! सोडाया माझी नखं गेली. पोहऱ्याची गाठ हुती, आडावर मारत्यात तशी."

हे सगळं मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. आज वाटतं, त्या दिवशी कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात पुरुषांचीच तोंडं फिरत होती.

तिथून वीरप्पाच्या दुकानात गेलो. वीरप्पा गुळाचा व्यापारी, नाकानं गूळ ओळखणारा. खड्याचा चुरा मी पुडीत बांधून नेला होता. त्यानं हुंगला, जिभेवर ठेवला आणि मान हलवली.

"हा माझा न्हाय. आपल्याकडच्या गुऱ्हाळातला बी न्हाय. यात वेलदोडा हाय, सुंठ हाय. असा गूळ सोलापूरकडं करत्यात, लेकी-जावयाला धोंड्याचं वाण द्यायला. करोडगिरीच्या जकात नाक्यावरून कुणाच्या तरी सासुरवाडीहून आलाय."

"मास्तरची सासुरवाडी कुठली?"

"मास्तरचं लगीन कुठं झालंय? त्या हनुवटीला पोरगी कोन देतंय!" वीरप्पा हसला. मग हसू आवरून म्हणाला, "अप्पा, सोलापूरकडली सासुरवाडी गावात चार घरांची. तुमचं धरून."

"माझ्या घरचा गूळ तर मीच संपवला," मी म्हणालो, आणि खरंच तसं वाटत होतं. सासऱ्यानं पाठवलेला डबा मी पंधरा दिवसांपूर्वी पाहिला होता. नंतर तो कुठं गेला ते विचारलंच नव्हतं.

घरी येऊन ठसा पुन्हा हातात घेतला, भिंग लावलं आणि दचकलो. खालच्या दातांची खूण एका जागी नव्हती. ती दोन जागी होती.

४

संध्याकाळी ठाण्यात गेलो. "ठसा पक्का करायचा तर मास्तरचं तोंड बघावं लागंल," म्हणालो. अमीननं आत सोडलं.

मास्तरच्या ओठाला सूज होती. कुणी दिली ते विचारायची गरज नव्हती.

"अप्पा, तुम्ही पण?" तो म्हणाला.

"गप बस आणि तोंड उघड. आता जिभेचं टोक मागं वळव, टाळूला लाव. लावलंस? आता तसंच ठेवून थुंकी गीळ आणि दात मीट."

ही उस्तादांची युक्ती. उस्ताद म्हणायचे, "बेटा, दात मालकाला फसवतात. एखादा दात आडवा आला की जबडा त्याला वळसा घालून दुसरीकडं जाऊन बसतो, आणि मालकाला वाटतं हीच आपली जागा. पण जीभ टाळूला लावून माणूस गिळतो ना, तेव्हा जबडा आपल्या खऱ्या घरी जातो. कानाच्या पुढं त्याचं बिजागर आहे, तिथं बोट ठेव. तुला कळेल."

मी मास्तरच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली. एकदा, दोनदा, दहादा गिळायला लावलं. बिजागर गुळगुळीत फिरत होतं, आणि खालचे दात दर वेळी थेट पुढंच येऊन मिटत होते. त्याचा जबडा मुळातच लांब होता. आडवा दात-बित काही नाही, खानदानी हाड. हा माणूस मनात आणलं तरी वरच्या दाताच्या धारेवर खालच्या दाताची धार टेकवू शकला नसता.

मग खिशातून मेणाचा तुकडा काढून त्याला चावायला दिला. खूण एकच, स्वच्छ.

गुळातली खूण तशी नव्हती. तिथं खालचे दात आधी वरच्या दातांच्या बरोबर खाली, धारेला धार लागून घुसले होते. मग ज्वारीच्या दाण्याएवढे पुढं ओढले गेले होते, आणि त्या ओढीचा चरा गुळात उठला होता. वरच्या डाव्या बाजूला एक दात आत कललेला होता. त्याला अडखळून तो जबडा पुढं घसरत होता. म्हणजे ज्यानं गूळ खाल्ला त्याची हनुवटी बघून काहीच कळणार नाही. चेहरा सरळ असणार, आणि जबडा पुढं जातो तो फक्त चावताना.

"मास्तर," मी म्हणालो, "तू सुटलास."

"मग कोणी केलं?"

बारा गावांतली तोंडं मी मनात उघडून-मिटून पाहिली. असा दात मी कुठंच पाहिला नव्हता. चावताना ज्याला मी कधी पाहिलं नाही असं माणूस गावात होतं तरी कोण?

५

रविवारी दुपारी सिद्धम्मानं भाकरी वाढली. पिठलं, ठेचा, कांदा. मी जेवलो, उठलो. ती ताट घेऊन आत गेली. मी चूळ भरत होतो.

कट्.

मी दाराच्या कडीकडं पाहिलं. कडी जागच्या जागी होती.

कट्. पुन्हा. घासागणिक.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. कानाच्या पुढं बिजागर! दोन वर्षं मी त्या बिजागरात लवंगेचं तेल ओतत होतो! अरे शिवशरण, थू तुझ्या विद्येवर! बारा गावांच्या तोंडांत बत्ती घातलीस आणि चौदा वर्षांत बायकोला एक घास चावताना पाहिलं नाहीस!

आणि मग सगळं भराभर जागेवर येऊन बसलं. फाटकातून फक्त बाया आत गेल्या. गाठ पोहऱ्याची होती. गूळ सोलापूरचा.

मी आत गेलो. तिनं घाईनं घास खाली ठेवला आणि पदर तोंडावर ओढला.

"जेव," मी म्हणालो. "माझ्यासमोर जेव."

"काय झालं तुमाला?"

"भाकरी चाव म्हणतो ना!"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर बाजूला केला. डोळे वर ठेवून घास चावला. हनुवटी सरळ होती. दात टेकले, अडखळले, आणि खालचा जबडा कट् करून पुढं आला.

"कळलं का?" ती म्हणाली. "दोन दिवस लागले की वं तुमाला."

"तू... तू झेंडा घागरीतून नेलास?"

"व्हय. बाया गेल्यावर मागं राहिले. घागर वडायची दोरी ती, खांबाची बी दोरीच. त्यात काय अवघड?"

"आणि गूळ? गूळ कशाला खाल्लास, बये!"

"चांगल्या कामाला तोंड गोड करू नये का? एकच घास घेतला, तवर हरिबा आला. बाप्यापुढं खाताना कसं दिसायचं? म्हनून खडा खाली ठिवला आनि घागर उचलली."

राज्य उलथायला निघालेली बाई हरिबासारख्या तंबाखूखाऊपुढं गूळ चावायला लाजली, आणि तिथंच सापडली.

"पण का गं? कुणी सांगितलं तुला?"

"कुनी कशाला सांगाया पायजे?" तिचा आवाज चढला. "माझं म्हायेर त्या दिवशी सुटलं. माझा बाप, माझा भाऊ सुटले. आनि म्या इथं निजामाची रयत? सडकंच्या एका अंगाला मानूस आनि दुसऱ्या अंगाला गुरं, असं आसतंय का? पर मास्तरला धरतील हे नव्हतं वाटलं. उद्या म्या जाते अमीनपुढं. माझे दात दावते."

"खबरदार!"

"मग त्याला जाऊ द्यू का आत? त्याची माय रोज दारात बसंल माझ्या."

"तू पण जायची न्हाईस आणि तो पण," मी म्हणालो. "उद्या मी बोलतो. तू फक्त पिंपळाला पाणी घालायला येतेस तशी ये."

६

सोमवारी ठाण्याच्या आवारात सगळं गाव जमलं. मोहतमीमसाहेब खुर्चीवर होते. अमीननं कागद पुढं केला.

"सही."

"करत न्हाय," मी म्हणालो.

अमीनचा हात वेताच्या काठीवर गेला. मोहतमीमांनी त्यांना थांबवलं. "कारण सांग."

मी ठसा टेबलावर ठेवला, वीरप्पाकडून तेवढाच मऊ गूळ मागवला आणि मास्तरला चावायला लावला. दोन्ही खुणा शेजारी मांडल्या.

"हुजूर, ही बघा मास्तरची खूण. एकच घाव. आणि ही झेंड्याखालची. खालचे दात आधी धारेला धार लागून टेकलेत, मग पुढं घसरलेत."

"मुद्दाम वेगळं चावला असेल!" अमीन ओरडले.

"जबडा पुढं काढता येतो, अमीनसाहेब. हाडानंच पुढं वाढलेला जबडा मागं नेता येत नाही. मास्तरनं खालचा दात वरच्या दाताच्या धारेला लावून दाखवावा, मी आत्ता सही करतो. ओढा त्याचा जबडा, घाला हात!"

अमीननं खरोखर हात घातला. मास्तरची हनुवटी धरून मागं रेटली, स्वतः घामाघूम झाले. दात काही धारेला लागले नाहीत. मोहतमीम वाकून ठसा बघत होते. ते शिकलेले गृहस्थ होते, त्यांना कळलं.

"सोडा मास्तरला," ते म्हणाले. "पण मग हे दात कोणाचे?"

"हुजूर, मी ठसा वाचतो. माणूस शोधणं पोलिसांचं काम. गावातले सगळे बाप्ये इथंच उभे आहेत."

आणि अमीननं सगळ्या बाप्यांना रांगेत उभं केलं! दोनशे चाळीस माणसांनी गूळ चावला. पाटलानं चावला, गुरवानं चावला, माझ्याही तोंडात खडा कोंबला. वीरप्पा डोक्याला हात लावून बसला होता, त्याच्या चार ढेपा सरकारात जमा झाल्या. दुपारी तीन वाजता शेवटचा माणूस चावून गेला आणि एकाचीही खूण जुळली नाही.

तेवढ्या वेळात सिद्धम्मा घागर घेऊन आली, सगळ्यांच्या देखत पिंपळाला पाणी घातलं, अमीनच्या टेबलाजवळून गेली. हरिबानं मान खाली घातली. अमीननं तिच्या वाटेतून पाय मागं घेतला. बाईमाणूस म्हणून.

अमीननं ठसा जप्त केला आणि माझ्या दुकानाला सील ठोकलं. पाच महिने मी झाडाखाली बसून दात काढले. त्या ठशाचं अमीनला वेड लागलं. ते तो ठसा टेबलावर मांडून बसायचे आणि ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक बाप्याचं तोंड उघडून बघायचे. वर्षभर माझ्या बायकोचे दात निजामाच्या ठाण्यात अमीनकडं बघत होते.

मी मात्र रात्रंदिवस धास्तावलेला. "सिद्धे, तो एकच दात काढू दे," मी तिला म्हणायचो. "जबडा जागेवर येईल, कान दुखायचा राहील. आणि पुरावाही मिटंल."

"पुरावा मिटवाया दात काढू?" ती म्हणायची. "चोरी केली का म्या? दुखू द्या कान. ह्यांचं राज्य जाऊ द्या, मग बघू."

त्या दिवसापासून मात्र ती माझ्याबरोबर जेवायला बसायला लागली. शेजारीपाजारी नावं ठेवत होते. आम्ही दार उघडं ठेवून जेवायचो.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात सोलापूरच्या सडकेनं हिंदी फौज आली आणि चार दिवसांत निजामाचं राज्य संपलं. ठाण्याच्या खांबावर तिरंगा चढवायला गाव जमलं. दोरी मास्तरनं ओढली. कस्तुराबाई पुढं बसली होती. अमीन बिनपट्ट्याचे, ओसरीवर उभे होते.

सिद्धम्मा गर्दीतून सरळ ठाण्यात शिरली आणि टेबलावरचा ठसा उचलला.

"ए बाई, ते सरकारी आहे!" अमीन म्हणाले.

"सरकारी कशाचं? माझं हाय ते."

तिनं पदरातून गुळाचा खडा काढला. सगळ्या बाप्यांच्या देखत, अमीनच्या डोळ्यांत बघून चावला. कट्. हरिबापर्यंत आवाज गेला. मग तो चावलेला खडा तिनं अमीनच्या हातावर ठेवला आणि ठसा त्याच्या शेजारी.

अमीन बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. मग त्यांनी ठसा तिला परत दिला.

ती तशीच माझ्या दुकानात आली, खुर्चीत बसली आणि पदर खांद्यावर टाकून तोंड उघडलं.

"आता काढा," ती म्हणाली.